आमच्या खिळ्यावरची सत्तारभाईंची छागल

नसीम, इकडं ये बाई, जवळ बस. कागदावरच का होईना, पण जवळ बस. आणि आधी थोडं ऐकून घे, कारण मी तुझ्यावर रागावले आहे. तुझे अब्बा जाऊन चाळिसावासुद्धा झाला, आणि तुझ्या ह्या मानलेल्या फुफूला, आत्याला, ते कळावं कुठं? मुखेडच्या बाजारात, कांद्याच्या ढिगाजवळ! मी खाली वाकून कांदे निवडत होते आणि तो कांदेवाला, तुमच्याच गावचा, सहज बोलावं तसं बोलला, "आपा, तुमचे ते बंबवाले सत्तार ड्रायव्हर गेले की वो. महिना होऊन गेला." मी म्हटलं, "कुठं गेले?" बघ, एवढ्या वयाची बाई मी, तरी असं विचारलं. त्यानं तराजू खाली ठेवला तेव्हा समजलं. कांदे तिथंच राहिले. एसटीत बसल्यावर पिशवी रिकामी आहे हे ध्यानात आलं.

वाचणाऱ्यांनी राग मानू नये. पेपरची ही पुरवणी पुष्कळ लोक वाचतात हे मला ठाऊक आहे, पण मला एका माणसाकडं तोंड करूनच बोलता येतं. शाळा मला ठाऊक नाही. अक्षरं मी आगीच्या गाडीच्या शेडमध्ये शिकले, ते पुढं येईलच.

घरी येऊन मी नसीमला फोन लावला. रडले नाही, भांडले. "का गं, मी मेले होते का?" तर ही पोरगी म्हणते, "फुफू, अब्बाच म्हणले होते, आपाला बोलवू नका. बोलवलं अन् ती न्हाई आली, तर मला लई वाईट वाटंल." आता सांगा. गेल्यानंतर वाईट वाटणार होतं त्या माणसाला! मी फोन ठेवला आणि भिंतीकडं बघत बसले. भिंतीवर खिळा आहे, खिळ्याला सत्तारभाईंची छागल आहे...

हे सत्तारभाई कोण, ते सांगते. आमचं गाव नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, त्यांचं लातूर जिल्ह्याच्या टोकाला. मधे एक नाला. नाल्याच्या पुलावर जिल्हा बदलतो, आमदार बदलतो, रस्त्याचं डांबर बदलतं. गावांची नावं मुद्दाम लिहीत नाही, माणसं अजून नोकरीत आहेत. दोन्ही नगरपालिकांकडं आगीचा एकेकच बंब. आमच्या बंबावर आमचे मालक ड्रायव्हर, त्यांच्या बंबावर सत्तारभाई. मोठी आग लागली तर एका गाडीतलं पाणी पाच-सात मिनिटांत संपतं. नांदेडहून दुसरी गाडी मागवली तर ती यायला दोन तास, लातूरहून त्यांच्याकडं यायलाही तेवढेच. आणि आमची दोन गावं एकमेकांपासून अर्ध्या तासावर. मग काय, इकडं धूर दिसला की मालक तिकडं फोन लावायचे, तिकडं दिसला की सत्तारभाई इकडं. "भाऊ, पानी हाय का गाडीत?" "हाय. निघालो." एवढंच बोलणं. परवानगी नाही, कागद नाही. कितीतरी वर्षं हे असंच चाललं, आणि ह्यात कुणाचं काही चुकतंय असं कुणाला वाटलंही नाही.

ह्या येण्याजाण्याचा एक नियम मात्र होता, तो मालकांनी घातला होता. मदतीला आलेली गाडी रिकामी परत पाठवायची नाही. आग विझली की आधी पाहुण्यांची टाकी आमच्या शेडच्या बोअरवर भरायची, मग आपली. उन्हाळ्यात गावाला आठ दिवसांनी नळ यायचा, तेव्हा लोक कुरकुरायचे, की आपल्या घशाला कोरड आणि तुम्ही लातूरच्या गाडीत पाणी ओतून राहिले. मालक म्हणायचे, "तो सोताचं गाव उघडं टाकून आलाय बाबा. पुलापलीकडं गेला अन् तिथंच आगीची वर्दी आली, तर काय थुंकून विझवील?" लोक हसायचे, आणि टाकी भरायची.

आणि छागल. आताच्या पोरांना छागल माहीत नसेल. जाड कापडाची पाण्याची पिशवी असते, तोंडाला लाकडी बूच. गाडीच्या पुढं टांगायची, वाऱ्यानं पाणी गार होतं. दोन्ही बंबांना एकेक छागल, दोन्ही खाकी, दिसायला सारख्या. सत्तारभाई पहिल्यांदा आमच्याकडं कडब्याच्या गंजीची आग विझवायला आले, तेव्हा जाताना घाईत आमची छागल घेऊन गेले आणि स्वतःची इथं विसरले. दुसऱ्या दिवशी फोन, "भाऊ, माझी छागल तुमच्याकडं अन् तुमची माझ्याकडं." मालक म्हणाले, "राहू दे. पुढल्या आगीला आण." पुढल्या आगीला त्यांनी आणली, पण जाताना हसत हसत पुन्हा अदलाबदल केली. मग ती रीतच पडली. त्यांची एक आमच्या खिळ्यावर, आमची एक त्यांच्या खिळ्यावर. मी एकदा विचारलं, हा काय खेळ लावलाय तुम्ही दोघांनी? सत्तारभाई म्हणाले, "आपा, ह्याच्यामुळं येणं लागतं. दुसऱ्याची वस्तू घरात असली की माणूस विसरत न्हाई." आणि जाताना मला बजावून गेले, "वाळू नका देऊ मात्र. छागल ओली राहिली तरच पानी धरते. कोरडी पडली की धागे सैल होतात, मग कितीबी भरा, गळणार."

आमचं क्वार्टर शेडला लागूनच होतं. वर्दी आली की ती वहीत लिहायची असते, कुठं आग, किती वाजता, कोण गेलं. मालकांचं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं, त्यांचं त्यांनाच लागायचं नाही. ते तोंडानं सांगायचे आणि शेडमधला शिपाई लिहायचा. मी चहा घेऊन गेले की त्याच्या खांद्यावरून बघायची. 'आग' हा मला लिहिता आलेला पहिला शब्द. मग 'पाणी'. मग गावांची नावं. दोन वर्षांत वही मीच लिहू लागले, कुणी अडवलं नाही. सत्तारभाईंचे रजेचे अर्जसुद्धा मीच लिहायची. ते कपात डोकावून म्हणायचे, "आपा, चहात पानी लई मारलं, दुधाला आग लागली होती काय?" आणि मग कागद डोळ्यांजवळ धरून, "पण अक्षर लाखात एक. तुमचा तो 'ळ' कुठंबी ओळखीन मी. जिलेबी काढल्यावानी काढता."

कागदाचं खूळ त्यांच्याच डोक्यातून निघालं. एक दिवस जेवायला बसले होते. मटकीची उसळ होती. म्हणाले, "भाऊ, हे तोंडी किती दिस चालणार? उद्या मी रिटायर, तुम्ही रिटायर. नवा ड्रायव्हर येईल, त्याला कोण सांगणार पुलापलीकडं जायाचं म्हणून? दोन नगरपालिकांचा करार पाहिजे. परस्पर मदतीचा. मोठ्या शहरांचा असतो." मालक म्हणाले, "साहेब लोकांच्या हातात दिलं की बिघडतं, सत्तार. आपलं चाललंय ते बरं हाय." सत्तारभाई काही ऐकेनात. अर्ज मी लिहिले, इकडचे पण आणि तिकडचे पण. तीन वर्षं अर्ज. शेवटी झाला करार, दोन पानांचा, टाईप केलेला, दोन्ही गावांचे शिक्के. त्या दिवशी सत्तारभाई पेढे घेऊन आले. मी करार वाचून दाखवला. त्यात एक कलम होतं, की मदत मागायची ती मुख्याधिकाऱ्यानं मुख्याधिकाऱ्याकडं, लेखी मागायची. मालकांनी पेढा हातातच धरला. "म्हंजे मी फोन करायचा न्हाई?" सत्तारभाई म्हणाले, "आपण करू. कागद मागून येईल."

त्याच वर्षी आमच्याकडच्या डाळमिलला भर दुपारी आग लागली. आमचे मुख्याधिकारी साहेब त्या दिवशी गावात नव्हते, फोनही उचलत नव्हते. मालकांनी नेहमीसारखा पुलापलीकडं फोन लावला, सत्तारभाई नेहमीसारखे आले. दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत आग आटोक्यात आणली, मिलच्या मागची वस्ती वाचली. आणि तेवढ्या वेळात तिकडं, त्यांच्या गावात, एका सुताराचं दुकान जळून गेलं. माणूस कुणी दगावला नाही, पण लाकूड, हत्यारं, लोकांच्या लग्नातले पलंग, सगळं गेलं. बंब कुठाय? बंब नांदेड जिल्ह्यात. कुणाच्या हुकमानं? मग चौकशी लागली आणि सत्तारभाई निलंबित झाले. सहा महिने घरी. नसीम, तुझं डी.एड.चं वर्ष त्याच्यातच गेलं. ते निलंबन नेमकं कशामुळं झालं, ते मी पुढं सांगते. आत्ता हातून उतरत नाही.

ते कामावर परत आले, पण आमच्याकडं येणं थांबलं. दोन उन्हाळे गेले. मग आमच्या गावच्या जिनिंगची, कापसाच्या गिरणीची आग. सरकीची आग वाईट असते. वरून विझल्यासारखी दिसते आणि पोटात धुमसत राहते. मालकांनी फोन लावला तेव्हा मी शेजारीच उभी होते. फोनमधला आवाज माझ्यापर्यंत आला.

"भाऊ, साहेबाचा कागद आणा."

"सत्तार, मी बोलून राहिलो. मी."

मालकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कागद आणा भाऊ."

मालकांनी फोन ठेवला नाही, माझ्या हातात दिला आणि गाडीवर चढले. कागद व्हायला, त्यावर सही व्हायला, तो तिकडं पोचायला दीड तास लागला. त्या दीड तासात आमची गाडी तीनदा रिकामी झाली, तीनदा भरून आणली. तिसऱ्या खेपेला मालक स्वतः पाइप धरून गोडाऊनच्या आत गेले, कारण आत जायला दुसरा माणूस उरला नव्हता. बाहेर काढलं तेव्हा तोंडातून काळं पाणी येत होतं.

मग सत्तारभाई आले. स्वतः गाडी चालवत आले. राहिलेली आग विझवली. कुणी चहा विचारला नाही. शेवटी शेडच्या बोअरजवळ गाडी आणून उभी केली, टाकी भरून घ्यायला, रीत होती म्हणून. आमच्यातला एक जण मोटार चालू करायला निघाला. मी म्हटलं, "राहू द्या." एवढंच म्हटलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, सत्तारभाईंकडं बघितलं, आणि हात मागं घेतला. गाडी रिकामी पुलाकडं गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्या मनाला त्या दिवशी गार वाटलं, खोटं कशाला सांगू.

मालक पुढं दोन वर्षं जगले, खोकत. गाडीवर परत चढले नाहीत. ते एकदाही सत्तारभाईंना वाईट बोलले नाहीत, त्याचाही मला राग यायचा. मी म्हणायची, "ज्याला घास भरवला त्यानं कागद मागितला." ते भिंतीकडं तोंड करून पडायचे. मला वाटायचं, दुखतंय. त्यांना काय दुखत होतं ते मला ठाऊक असायला पाहिजे होतं... ठाऊक होतंच, पण मी बघत नव्हते.

मालक गेले त्या दिवशी सत्तारभाई आले. बुद्धविहारासमोर लोकांच्या मागं, चपला हातात धरून उभे होते. सगळं आटोपल्यावर जवळ आले. "आपा, मी भ्यालो होतो. दुसऱ्या बारीला नोकरीच गेली असती. नसीमचं डी.एड. निम्मं झालं होतं. म्हणून कागद मागितला. भ्यालो." मी म्हटलं, "लई कागदवाले झाले तुम्ही सत्तारभाई. आम्ही कधी मागितला होता का तुमच्याकडं कागद?" त्यांनी चपला खाली ठेवल्या. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मागितला न्हाई आपा. दिला. तुमच्याच अक्षरात हाय तो. साहेबानं माझ्यापुढं ठेवला, अन् मी 'ळ' वळखला."

आणि गेले. ते मला दिसले ते शेवटचं.

तर आता ते सांगते, जे सांगायचं टाळत इथवर आले. डाळमिलच्या आगीनंतर तिकडच्या नगरपालिकेनं आमच्याकडं विचारणा केली होती, गाडी कुणी मागवली म्हणून. आमच्या साहेबांनी मालकांना बोलावलं. म्हणाले, "मी मागवली नाही. तुम्ही मागवली असेल तर करार तुम्ही मोडला, घरी जावं लागेल." मालक जबाबाचा कागद घेऊन घरी आले आणि चटईवर बसून राहिले. मीच म्हटलं, आणा इकडं. कागदावर प्रश्न होता, 'मागणी कोणी केली?' मी मालकांना विचारलं, काय लिहू? ते चटईची काडी उपटत राहिले. धाकट्या पोरीचं बाळंतपण तोंडावर होतं, क्वार्टर सुटलं असतं तर जायचं कुठं, हे सगळं माझ्या डोक्यात. मी लिहिलं, 'कोणीही नाही. सदर गाडी मागणीवाचून, आपण होऊन आली. आम्हास वेळेवर कळविले नाही.' त्या शेवटच्या वाक्याची तर गरजही नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं. लिहिता लिहिता हाताला साहेबी भाषेचा जोर आला आणि लिहून गेले. वाक्य चांगलं जमलं असंसुद्धा वाटलं. मालकांनी सही केली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं आणि मनाला सांगितलं, सत्तारभाईंना कुठं कळणार आहे, कागद इकडच्या कचेरीतून तिकडच्या कचेरीत जाईल, फायलीत पडेल.

वेळेवर कळवलं नाही म्हणे! ज्या माणसानं उभ्या जन्मात माझ्या मालकाचा फोन दुसऱ्यांदा वाजू दिला नाही, त्याच्याबद्दल.

म्हणजे बघा, इतकी वर्षं मी गावाला सांगत आले की सत्तार ड्रायव्हरनं दगा दिला. दिलाच. जिनिंगच्या दिवशी तो वेळेवर आला असता तर माझा माणूस चार वर्षं जास्त जगला असता, ह्या बोलण्यावरून मी आजही हलणार नाही. पण पहिला दगा ज्या कागदावर झाला, त्या कागदावर माझं अक्षर आहे. आणि ते अक्षर शिकवलं कुणी? त्या वर्दीच्या वहीनं, जिच्या पानापानांवर मी लिहिलंय, 'लातूरकडील गाडी मदतीस आली.' मला सगळ्यात राग कशाचा येतो सांगू का? ते मला काही न म्हणता गेले, ह्याचा. त्यांनी दारात येऊन भांडायचं होतं. चार माणसांत माझं नाव घ्यायचं होतं. मी पण भांडले असते, मग रडले असते, मग त्यांना पाणचट चहा दिला असता. विहारासमोर एक वाक्य बोलले आणि वर बारा वर्षं गप्प. असं कुणी करतं का? माझी बाजू, त्यांची बाजू, सगळं मला एकटीच्या डोक्यावर देऊन गेले.

मी परवा पुन्हा नसीमला फोन केला. ह्या वेळी भांडले नाही. विचारलं, "बाई, आमची छागल होती तुमच्याकडं, तिचं काय झालं?" मला वाटलं म्हणेल, कुठं फेकली असेल, आता बाटल्या आल्या. ती म्हणाली, "हाय की फुफू. अब्बाच्या खोलीत खिळ्याला हाय. रोज सकाळी उठले की आधी तिच्यावर पानी मारायचे, मग चहा. अम्मी ओरडायची, भिंतीला ओल येऊन राहिली. ते म्हणायचे, परक्याची वस्तू हाय, वाळून कसं चालंल. आता मी मारते. सवय पडली घराला."

मी उठून माझ्या खिळ्यावरची छागल काढली. काढताना कापडाचा कडकड आवाज झाला, पापडासारखा. बारा वर्षं आणि त्याच्या आधीची चार, डाळमिलच्या त्या कागदापासून, मी तिला पाण्याचा थेंब दाखवला नव्हता. बादलीत घातली तर वर तरंगून आली. वरवंटा ठेवला तिच्यावर. दोन दिवस भिजवून भरून बघितली, सगळं पाणी पायावर. पाच दिवसांनी बघितली, तरी धार लागलीच. मालकांनंतर क्वार्टर सुटलं, तरी मी शेडसमोरच्याच खोलीत राहते. शेडमधले नवीन ड्रायव्हर विचारत होते, "आजी, ह्या चिंधीचं काय करून राहिल्या?" मी म्हटलं, "टाकी भरून राहिले." हसले ते. त्यांना वाटलं म्हातारीला भ्रम झाला. आज नववा दिवस. आज थेंब थेंब गळती आहे, धार थांबली आहे.

नसीम, तू ये. लवकर ये. सुट्टी बघू नको, रविवारी सकाळच्या गाडीनं ये, पुलावरून अर्धा तास तर लागतो. येताना आमची छागल घेऊन ये, ओलीच आण, पिशवी भिजली तर भिजू दे. तुझ्या अब्बांची मी भरून ठेवते. वाटेत थोडी गळेल, पण घरी पोचेपर्यंत तळाला घोटभर राहील. मी हा कागद माझ्याच अक्षरात लिहून पुरवणीला पाठवलाय, 'ळ' तसाच आहे. तू रिकामी जायची नाहीस, बाई. ये.